एकोणतीसचा पाढा

आई, तुमच्या वहीत मागच्या बाजूने लिहायला घेतलंय. रागवा. रेवा गणिताच्या वहीच्या शेवटच्या पानांवर मांजरं काढायची म्हणून तुम्ही तिचा कान धरला होता, आणि ती पोर "आजी, सब लोग पीछे रफ करते हैं" म्हणून ओरडत घरभर पळाली होती. पण पुढच्या पानांवर तुमचं अक्षर आहे. पहिली काही पानं मी पाहिली. तुम्ही लिहिलेल्या शेवटच्या पानांकडे बघायची हिंमत नाही. म्हणून मागून सुरुवात केली आहे. जिथे तुमची ओळ भेटेल तिथे थांबेन.

तेरावं होऊन आज तिसरा दिवस. शुभाताई सांगलीला परत गेल्या. जाताना माझ्या गळ्यात पडून म्हणाल्या, "वहिनी, पोटची मी, पण रोज तिच्याबरोबर तू धावलीस गं, तूच तिची लेक झालीस." मला तिथल्या तिथे मेल्याहून मेल्यासारखं झालं. तुमचे बूट दाराशीच आहेत, हॉस्पिटलातून पिशवीत परत आले तसे. डाव्याची गाठ पक्की, उजव्याची नाडी सुटी. उजवी बांधायला वाकलात आणि पुढे सगळं संपलं. ते बूट उचलायला कुणी तयार नाही.

उद्या शर्यत आहे. आपली दहा किलोमीटरची.

मिलिंद आज सकाळी जाऊन दोघींचे छातीवर लावायचे नंबर घेऊन आला. मी म्हटलं होतं नको जाऊस, तरी गेला. टेबलावर दोन्ही कागद शेजारी शेजारी ठेवले, तुमच्या नंबराखाली छापलेल्या 'नलिनी' वरून अंगठा फिरवला आणि म्हणाला, "तू धाव उद्या. आईचा नंबर पण लाव." येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला तो एकच वाक्य सांगतो: आई शेवटच्या दिवसापर्यंत ठणठणीत होती, धावत होती. ऑफिसातल्या लोकांना हिंदीत, सांगलीच्या लोकांना मराठीत. त्या वाक्याला धरून तो उभा आहे. आणि ते वाक्य खोटं आहे, हे या घरात फक्त मला माहीत आहे.

हॉस्पिटलातला डॉक्टर अगदी पोरसवदा होता. त्याने विचारलं, "माताजी को पहले कभी साँस फूलने की शिकायत थी? सीने में भारीपन?" मिलिंद म्हणाला, "नहीं नहीं, वो तो रोज़ दौड़ती थीं." मग त्याने माझ्याकडे पाहिलं. डॉक्टरनेही पाहिलं. मी मान हलवली. नाही म्हणून. तुम्ही पडद्यापलीकडे होतात, आणि मी तुमचा शब्द पाळत होते. त्या घटकेला शब्द कसला पाळायचा, आई? पण मान हलून गेली होती.

तुम्ही आमच्याकडे कायमच्या राहायला आलात त्या वर्षी लखनौत मेट्रोसाठी रस्ते खणायला सुरुवात झाली होती. बाबांना जाऊन सहा महिने झाले होते. तुम्ही दोन ट्रंका, एक पोळपाट आणि बाबांची काठी घेऊन वृंदावन योजना नावाच्या नव्या वसाहतीतल्या आमच्या या घरात आलात आणि पहिल्याच दिवशी म्हणालात, "रस्ते एवढे रुंद, आणि माणसं कुठायत?" खरंच नव्हती. निम्मे प्लॉट रिकामे आणि प्रत्येक रिकाम्या प्लॉटवर चार कुत्री. माझं थायरॉइड वाढलेलं, वजन वाढलेलं आणि डोकं तर कायमच तापलेलं. माझ्या इन्स्टिट्यूटमधली एक मैत्रीण धावायला लागून बारीक झाली, म्हणून मीही बूट आणले. पहिल्याच दिवशी कुत्री मागे लागली, मी घरी येऊन रडले. मिलिंद म्हणाला, "आईला घेऊन जा, तिच्याकडे काठी आहे."

झालं. मी पुढे, तुम्ही मागे काठी घेऊन. जणू मला कुणी पकडून ठाण्यात नेतंय. गेटवरचे शुक्लाजी हसून म्हणाले, "मैडम, अम्माजी से बच के भाग रही हैं क्या?" तुम्ही त्यांना तुमच्या सांगलीच्या हिंदीत सुनावलं, "भागती नहीं वो, व्यायाम करती है. तुम भी करो." तेव्हा लग्नाला पंधरा वर्षं झाली होती आणि आपल्या दोघींत धड पंधरा वाक्यं झाली नव्हती. मी नागपूरची, माझं मराठी तुम्हाला अर्धं हिंदी वाटायचं. मी झाडांच्या पानांवर संशोधन करणारी, तुम्ही मला चारचौघांत 'आमची पानांची डॉक्टर' म्हणायचा, आणि ते कौतुक नसायचं.

आठवड्याभरात तुमच्यातली गणिताची शिक्षिका जागी झाली. माझी फरफट तुम्हाला बघवेना. "हे काय, आंधळ्यासारखं सुटायचं आणि शंभर पावलांत बसायचं? आधी एक खांब धाव, दोन खांब चाल. असं आठ वेळा." हीच वही काढलीत. निळ्या पुठ्ठ्याची, रेवाची उरलेली. दिव्याच्या खांबांचा हिशेब तुमच्या त्या सरळसोट अक्षरात. दुसऱ्या महिन्यात दोन खांब धाव, एक चाल. आणि एके दिवशी, मला चांगलं आठवतं, तुम्ही काठी शुक्लाजींकडे ठेवलीत, पदर खोचलात आणि म्हणालात, "थांब गं, मी पण दोन खांब येते." त्रेसष्टाव्या वर्षी! मी हसले. तुम्ही तिसऱ्या खांबापर्यंत माझ्या पुढे होतात.

मग अमीनाबादच्या बाजारातली ती मोहीम. तुमच्यासाठी बूट. दुकानदार नम्रपणे म्हणाला, "अम्माजी के लिए चलने वाले दिखाऊँ?" तुम्ही म्हणालात, "चलना तो चप्पल में भी आता है." मी नेटवर वाचलं होतं की धावायचे बूट थोडे मोठे घ्यावेत. तुमचं म्हणणं, वस्तू पायाला मोजून घ्यायची असते. महिन्याभरात दोन्ही अंगठ्यांची नखं काळीनिळी. परत रिक्षा, परत तेच दुकान. या वेळी तुम्ही बोललात काहीच नाही, फक्त एक नंबर मोठा मागितलात. तुमचा तो पराभव मी रात्रीच्या जेवणापर्यंत मिलिंदला तीन वेळा सांगितला.

ही माझी खोड. माझ्या पोटात काही राहत नाही. चौक बाजारात रेवाच्या कुर्त्याला चिकनचं भरतकाम बघायला गेलो होतो, तुम्ही साखर वाढलेली असताना दोन द्रोण भरून गोड मक्खन मलाई खाल्लीत आणि म्हणालात, मिलूला सांगू नकोस. मी रिक्षातूनच त्याला फोन केला. गेल्या उन्हाळ्यात तुमचा पाय मुरगळला, लपवलात, मी सांगितलं, त्याने महिनाभर धावणं बंद केलं. तुम्ही आठ दिवस माझ्याशी बोलला नाहीत. शुभाताईंना फोनवर म्हणालात, मला ऐकू येईल इतक्या मोठ्याने, "हिच्या तोंडात तीळ भिजत नाही." मला लागलं. वरवर हसले, पण लागलं.

पाढ्याचं कसं झालं, सांगते, म्हणजे पुढचं सांगायचं धैर्य येईल. मी वाचलं होतं की नवशिक्याने बोलता येईल इतक्याच वेगाने धावावं, बोलताना धाप लागली तर वेग जास्त आहे. तुम्ही विचारलंत, "पण आपण दोघी बोलणार काय?" प्रश्न रास्त होता. शेवटी तुम्हीच तोड काढलीत. पाढे म्हणायचे. आधी सोपे, मग तुमचा आवडता एकोणतीसचा. माझे पाढे इंग्रजी शाळेतले, तुम्ही मला चाळिशीत मराठी पाढे शिकवलेत. एकोणतीस एके एकोणतीस, एकोणतीस दुणे अठ्ठावन्न. नववा खांब ते पाण्याची टाकी एवढ्यात न थांबता दाहेपर्यंत जायचं. गेलं तर वेग बरोबर, अडकलं तर हळू. सकाळी सहाला त्या मोकळ्या सेक्टरमध्ये दोन बायका एकोणतीसचा पाढा म्हणत धावतायत, लोकांना काय वाटत असेल! दूधवाला तर एकदा सायकलवरून उतरून नमस्कार करून गेला. त्याला वाटलं स्तोत्र आहे.

आणि पाढ्यांच्या मधून मधून आपण बोलायला लागलो. बाबांबद्दल. माझ्या पडलेल्या गर्भाबद्दल, ज्याबद्दल तुम्ही तेव्हा एक अक्षर विचारलं नव्हतं. पाण्याच्या टाकीजवळ तुम्ही एकदम म्हणालात, "तेव्हा काय बोलावं ते मला सुचलं नाही गं." एवढंच. घरात ते वाक्य कधी निघालं नसतं. घरात तुम्ही सासू होतात, मी सून होते, गॅसजवळची जागा एकच होती.

पहिली शर्यत मी निवडली. नेटवर म्हटलं होतं, पहिली शर्यत छोटी, सपाट आणि घराजवळची असावी. तीन किलोमीटरची होती, शाळांची मुलं, फुगे, टीशर्ट. पाहुणे एक तास उशिरा आले, भाषण झालं, शिट्टी वाजायच्या आधीच निम्मी गर्दी पळाली, आणि शेवटी एक केळं आणि समोसा. तुम्ही केळं घेतलंत, समोसा परत केलात आणि घरी येईपर्यंत धुमसत होतात. "ही काय शर्यत? ही प्रभातफेरी." मग पुढची निवडायची वेळ आली आणि आपलं जुंपलं. मी म्हणत होते पाच. तुम्ही म्हणत होतात दहा. मी तक्ते दाखवले, किती आठवडे लागतात, वय काय, साखर काय. तुम्ही चष्मा काढून म्हणालात, "तुला मी नको आहे का तुझ्याबरोबर? तसं सांग." मी चिडले. चिडूनच दोघींची नावं दहाला भरली. धरा, घ्या दहा. ते भांडण आपलं मिटलंच नाही. पाच भरलं असतं तर? रोज हा प्रश्न उशाशी बसलेला असतो.

डिसेंबरात पहिल्यांदा तुम्ही 'नवे' ला थांबलात. आदल्या दिवशी संकष्टी होती. लखनौच्या धुक्यात चंद्र काही दिसेना. मी म्हटलं, कॅलेंडरमध्ये वेळ दिली आहे, जेवा. तुम्ही म्हणालात, सांगलीत कधी न बघता जेवले नाही. दोनदा गच्चीवर जाऊन आलात आणि तशाच झोपलात. म्हणून सकाळी धाप लागली, असं आपण ठरवलं. मी हसलेसुद्धा. म्हटलं, "मास्तरीणबाई पाढा विसरल्या." मग 'सत्ते' ला थांबायला लागलात. तेव्हा धुकं होतं, शेकोट्यांचा धूर होता, सगळं शहरच खोकत होतं. मग ते झालं पित्त. पित्ताच्या नावावर आपल्याकडे काय नाही खपत? आवळा झाला, सुंठ झाली. तुम्ही विचारलंत, "पित्तच असेल ना गं?" आणि मी, शिकलेली, म्हणाले, "दुसरं काय असणार?"

पंचेला थांबलात त्या दिवशी आपण टाकीच्या कठड्यावर बसलो. पेरूवाल्याची गाडी तेवढ्यात आली. तुम्ही एक पेरू घेतलात, मीठ लावून घेतलात, दोन भाग केलेत आणि मोठा भाग मला दिलात. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. मग समोर बघत म्हणालात, "छातीत दडपल्यासारखं होतं. डावा हात जड होतो. मिलूला सांगू नकोस. शर्यत होऊ दे, मग दाखवू डॉक्टरला."

मला कळलं होतं, आई. हे आज लिहून टाकते. मला त्याच क्षणी कळलं होतं की हे पित्त नाही. माझे वडील असाच हात जड होऊन, हेच शब्द बोलून गेले. आणि तरी मी म्हणाले, "बरं." का, तर तुम्ही पहिल्यांदा मला काहीतरी दिलं होतं जे शुभाताईंना दिलं नव्हतं, मिलिंदला दिलं नव्हतं. ते फक्त माझं होतं. मला ते सोडवेना. मला वाटलं, या वेळी दाखवूनच देते की माझ्या तोंडात तीळ भिजतो. या हट्टापायी मी तुम्हाला मारलं. दुसऱ्या कुठल्या शब्दात लिहायचं ते मला येत नाही.

तीन आठवडे. तीन आठवड्यांत एक फोन करता आला असता. रोज रात्री मिलिंद विचारायचा, "काय, आज किती झालं?" आणि मी खांब सांगायचे. पाढा कितीला थांबला ते सांगायचे नाही. शेवटच्या आठवड्यात मी तुम्हाला नुसतं चालायला लावलं आणि मनाची समजूत घातली की मी काळजी घेते आहे. त्या गुरुवारी मी स्वयंपाकघरातून ओरडले, "चला लवकर, ऊन वर येईल." उत्तर आलं नाही. मला वाटलं नाडी बांधताय.

मिलिंदने काल परत विचारलं. जेवताना, वरणभात कालवता कालवता, सहज: "आई तुला कधी काही म्हणाली नव्हती ना?" मी म्हटलं, नाही. दुसऱ्यांदा नाही. त्याने मान डोलावली आणि म्हणाला, "मला सांगितलं असतं तर मी घेऊन गेलो असतो ना गं." रेवा ताटावरून उठून गेली. मी तिचं ताट उचलून आत नेलं. मला तो माफ करणार नाही, ही भीती आहेच. पण त्याहून मोठी भीती ही की त्याचं ते एक वाक्य मी काढून घेईन आणि मग तो कशाला धरून उभा राहील?

लिहिता लिहिता पानं संपत आली. आता एक पान उलटलं की तुमचं अक्षर आहे. कागदातून उमटलेलं दिसतंय.

उलटलं.

आई, तुम्ही सगळं लिहून ठेवलंय. तारखेनिशी. 'नवेला थांबले.' 'सत्ते.' 'सत्ते.' 'पंचे.' शाळेत मुलांचे मार्क लिहावेत तसे. आणि पेरूच्या दिवसाखाली हे, मी जसंच्या तसं उतरवते:

'आज पंचेला थांबले. छातीत दडपण. वैशालीला सांगितले. मिलूला सांगू नको म्हटले आहे, म्हणजे रात्रीपर्यंत नक्की सांगेल. ह्यांच्यानंतर तो फार घाबरतो, मला विषय काढवत नाही. हिने सांगितलेले बरे.'

दोन दिवसांनी: 'मिलू काही विचारत नाही. हिने सांगितले नाही की काय?'

त्याच्यापुढे अडीच आठवडे नुसते आकडे. पंचे, चोक, चोक, त्रिक. आणि बुधवारची, शेवटची ओळ:

'वैशालीने खरेच सांगितले नाही. माझ्यासाठी गप्प राहिली. काय म्हणावे या पोरीला.'

मी ही ओळ किती वेळा वाचली मला माहीत नाही. तुम्ही माझ्या ज्या खोडीवर आठ दिवस रुसलात, त्याच खोडीवर भरवसा ठेवून बसला होतात. आणि मी नेमकी तेव्हाच सुधारले. पोरगी म्हणालात मला. सून नाही, पानांची डॉक्टर नाही, पोरगी. हे ऐकायला मी इतकी वर्षं थांबले होते, आणि ते मला कशाच्या बदल्यात मिळालं बघा.

मिलिंद गच्चीवर उन्हात बसलाय. तुमच्या नंबराला लावायच्या पिना मोजतोय, चार लागतात म्हणे. मी वही घेऊन वर जाते. त्याने दोन्ही बाजूंनी वाचावी, तुमच्याही आणि माझ्याही. रात्रीपर्यंत सांगेल, असं तुम्ही लिहिलं होतंत. रात्र व्हायला अजून वेळ आहे, आई. मी चालले सांगायला.